सातपुड्यातलं म्हातारपण आणि शेवटच्या दिवसांची शुश्रूषा

नंदुरबार जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रांत येतं ते बहुतेक वेळा कुपोषण, बालमृत्यू आणि मातामृत्यूंच्या बातम्यांत. त्या बातम्या यायलाच हव्यात. त्यांच्या रेट्यामुळेच सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत काही सेवा पोचल्या. नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आला, घाटवाटांसाठी दुचाकी रुग्णवाहिका आल्या. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे होडी वल्हवत बाळांपर्यंत आणि गरोदर बायांपर्यंत पोषण आहार घेऊन जात राहिल्या, तेव्हा त्यांची दखल देशभर घेतली गेली. पण ज्या घरात बाळाचं वजन होतं त्याच घराच्या पडवीत एखादी आजी महिनोन् महिने खाटेवर पडून असते, तिची नोंद कुठल्या वहीत होते? तिला किती दुखतं, रात्री झोप लागते का, पाठीला जखम झाली आहे का, हे विचारायला कोण जातं? म्हातारपणीच्या अखेरच्या काळातली शुश्रूषा सगळ्यांना सारख्या न्यायाने मिळावी, यासाठी जगभरातल्या परिचारिकांनी बरंच संशोधन केलं आहे. त्यातलं काय नंदुरबारच्या उपयोगाचं आहे, काय नाही आणि इथे काय व्हायचं राहिलं आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

आधी जिल्हा नीट पाहिला पाहिजे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात, त्यात सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे लोक. अक्राणी म्हणजे धडगाव आणि अक्कलकुवा या डोंगरी तालुक्यांत भिल्ल आणि पावरा, नवापूरकडे मावची आणि कोकणी, शहादा-तळोद्याच्या सपाटीवर गुजर शेतकरी आणि त्यांच्या शेतावर राबणारे भिल्ल, नंदुरबार शहरात अहिराणी बोलणारी घरं आणि मुसलमान मोहल्ले. नवापूर परिसरात ख्रिस्ती झालेली आदिवासी कुटुंबंही आहेत. सरदार सरोवरात बुडालेल्या गावांतली माणसं तळोदा तालुक्यात सोमावल, रेवानगर अशा वसाहतींत आणून बसवली गेली. एकाच जिल्ह्यात पुरण्याच्या आणि जाळण्याच्या रीती वेगळ्या, आजारपणात आधी कुणाला बोलवायचं ते वेगळं, घरात निर्णय कुणी घ्यायचा तेही वेगळं. ‘नंदुरबारचा वृद्ध’ असा एक साचा करून त्याच्यासाठी एक योजना आखली, तर ती पहिल्याच पाड्यावर अडेल.

या शुश्रूषेला दवाखान्यात पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. आजार बरा होण्यासारखा नसला तरी वेदना, धाप, उलटी, जखमेची दुर्गंधी, भीती आणि घरच्यांची दमछाक यांवर करण्यासारखं खूप असतं, हा तिचा पाया. आधुनिक काळात हा विचार ज्यांनी उभा केला त्या सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर. १९६७ साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या काळातल्या रुग्णांचं शुश्रूषागृह, सुरू केलं. वेदना एकट्या शरीराची नसते, ती मनाची, घराची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांनी रुग्णांशी तासन् तास बोलून मांडलं. हा विषय मुळात परिचारिकांचा आहे हे म्हणूनच ठासून सांगावंसं वाटतं. डॉक्टर दिवसातून एकदा येतो. कूस बदलणं, तोंड पुसणं, गोळी गिळली का ते पाहणं आणि ‘आता किती दिवस?’ या प्रश्नाला सामोरं जाणं हे सिस्टरच्याच वाट्याला येतं.

महाराष्ट्राला याचं सर्वांत मोठं उदाहरण बाहेर शोधावं लागत नाही. केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्यांचा मृत्यू होईपर्यंत, जवळजवळ बेचाळीस वर्षं, त्याच रुग्णालयातल्या परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांचं सगळं केलं. इतकी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला बेडसोअर होऊ न देणं म्हणजे काय, हे घरी कुणाचं केलेल्यांना विचारावं. त्यांच्याविषयीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ ला दिलेल्या निकालाने दयामरणाच्या चर्चेने देशात जोर धरला. पण त्याच खटल्यातून शुश्रूषेची ताकद किती असते हेही दिसलं, आणि त्याची चर्चा मात्र त्या मानाने फार कमी झाली. मुंबईच्या एका वॉर्डात जे एका बाईला मिळालं, त्यातलं चार आणेसुद्धा धडगावच्या पाड्यावर पोचत नाही. न्यायाचा प्रश्न नेमका इथे सुरू होतो.

जगातलं संशोधन काय सांगतं? अमेरिकेत १९९३ साली नॉक्स टॉड आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या तातडीच्या विभागात हाडं मोडून आलेल्यांच्या नोंदी तपासल्या. लॅटिन अमेरिकी वंशाच्या रुग्णांना वेदनाशामक मुळीच न मिळण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघालं. दुखणं सारखंच होतं, फरक औषधात पडला. त्यानंतर कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित वृद्धांना हॉस्पिस कमी मिळतं, वेदनांकडे दुर्लक्ष होतं, हे सांगणारे अभ्यास ढिगाने आले. दरी मोजून झाली. ती भरायची कशी, यावरचे अभ्यास मात्र त्या मानाने थोडे आहेत. त्यात मेरी बकिटास या परिचारिका संशोधिकेचं काम मला मोलाचं वाटतं. ईशान्य अमेरिकेतल्या ग्रामीण कॅन्सर रुग्णांना प्रशिक्षित परिचारिकांनी नियमित फोन करून आधार दिला, तर जगण्याची प्रत आणि मनःस्थिती सुधारते, हे त्यांच्या गटाने २००९ साली दाखवलं. नंतर तीच पद्धत दक्षिणेकडच्या, प्रामुख्याने कृष्णवर्णीय हृदयरुग्णांत वापरून पाहिली तेव्हा जगण्याच्या प्रतीत तसा फरक दिसला नाही. २०२० साली हा निष्कर्ष त्यांनी जसाच्या तसा छापला. एका समाजात उपयोगी पडलेली पद्धत दुसरीकडे नेली तर ती तिथल्या माणसांसोबत नव्याने घडवावी लागते, हे त्यातून मी घेतो. केरळचा नमुना (त्याविषयी पुढे) उचलून नंदुरबारला आणू म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास वाचायला हवा.

आदिवासी समाजांबाबतचं संशोधन आपल्याला अधिक जवळचं आहे. न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेटी राम्सडेन यांनी असा विचार मांडला की शुश्रूषा सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित होती की नाही, हे ठरवण्याचा अधिकार घेणाऱ्याचा आहे, देणाऱ्याचा नाही. सिस्टरने आपल्या मनातला अहंगंड आणि पूर्वग्रह आधी तपासावा, मग दुसऱ्याच्या चालीरीती शिकाव्यात, हा त्यांचा आग्रह. १९९२ पासून तिथल्या परिचर्या शिक्षणात तो आला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडे पॅम मॅकग्राथ यांनी मूलनिवासी वृद्धांशी बोलून नोंदवलं की शेकडो किलोमीटर दूरच्या शहरी इस्पितळात मरणं ही त्यांच्यासाठी भयंकर गोष्ट आहे. त्यांना आपल्या भूमीवर, आपल्या माणसांत जायचं असतं. हे वाचताना मला सोमावल आणि रेवानगर आठवतं. नर्मदेच्या काठावर ज्यांचे पूर्वज पुरलेले आहेत आणि ज्यांची गावं पाण्याखाली गेली, त्या म्हाताऱ्यांना ‘शेवट कुठे व्हावा असं वाटतं?’ हे विचारलं तर काय उत्तर येईल? हा प्रश्न विचारणारं संशोधन माझ्या मते जिल्ह्यात सर्वांत आधी व्हायला हवं.

कॅनडात मेरी लू केली यांच्या गटाने २०१० ते २०१५ या काळात चार मूलनिवासी वस्त्यांसोबत काम केलं. बाहेरून योजना न आणता प्रत्येक वस्तीच्या म्हाताऱ्यांनी आणि आरोग्य सेविकांनी आपला कार्यक्रम स्वतः ठरवला. विद्यापीठाने सोबत केली आणि नोंदी ठेवल्या. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या पेसा कायद्याखाली ग्रामसभेला अधिकार असलेल्या आपल्या भागात ही पद्धत सहज बसावी.

भारतात या कामाचा पाया केरळने घातला. १९९३ साली कोळिकोडला पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी सुरू झाली, २००८ साली राज्याचं धोरण आलं आणि पंचायतींच्या पैशांतून घरोघर जाणाऱ्या परिचारिका नेमल्या गेल्या. ज्या गावात वाचनालय आणि सहकारी संस्था आहे, घराजवळ घर आहे आणि स्वयंसेवकांची फौज आहे तिथे हे बहरलं. तोरणमाळच्या पठाराखालच्या पाड्यांवर एका घरातून दुसऱ्या घरी जायला एक डोंगर उतरून दुसरा चढावा लागतो, तिथे केरळची आकडेमोड लागू पडत नाही. महाराष्ट्रानेही पावलं उचलली. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना सदन, १९८६ साली वांद्र्यात उघडलं. टाटा मेमोरियलमध्ये पॅलिएटिव्ह विभाग आला, पुण्यात १९९७ साली सिप्लाचं पॅलिएटिव्ह केंद्र सुरू झालं आणि २०१२ साली राज्याचं धोरण जाहीर झालं. केरळनंतर असं धोरण करणारं हे दुसरं राज्य. पण ही सगळी भक्कम कामं मुंबई-पुण्याकडची. नंदुरबारचा कॅन्सरचा रुग्ण सुरतेला नाहीतर मुंबईला जातो, ‘आता घरी न्या’ असं ऐकून परत येतो आणि गावी आल्यावर त्याच्या हातात फाईल असते, औषध नसतं.

जिल्ह्यात या दिशेने काम झालेलं एक ठिकाण नावानिशी सांगता येतं: नवापूर तालुक्यातलं चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटल. इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशनने २०१० साली उत्तर प्रदेशातल्या ललितपूरला ग्रामीण पॅलिएटिव्ह सेवा सुरू केली आणि मग आपल्या इतर छोट्या इस्पितळांत ती नेली, त्यांपैकी हे एक. आडगावच्या पन्नासेक खाटांच्या दवाखान्यालाही घरभेटी आणि मॉर्फिन जमतं, हे त्यांनी करून दाखवलं. शासनाने हे काम बारकाईने पाहावं.

मॉर्फिनचा मुद्दा थोडा सविस्तर मांडतो. समजा, तंबाखूने गालाचा कॅन्सर झालेला सत्तरीचा माणूस घरी आहे. जखम वाहते, माश्या बसतात, वासाने नातवंडं जवळ येत नाहीत. जाणती सिस्टर मिठाच्या पाण्याने जखम धुते, मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर टाकते, दोन-चार दिवसांत वास उतरतो आणि माणूस पुन्हा घरात ओढला जातो. वेदनेसाठी मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी आणि सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच, नाहीतर बद्धकोष्ठतेने हैराण होऊन तो गोळीच सोडून देतो. औषध महाग नाही. ते पाड्यापर्यंत पोचत नाही, हे दुखणं आहे. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्याच्या धाकाने ते देशभर जवळपास नाहीसं झालं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांचं जंजाळ कमी केलं आणि मान्यताप्राप्त संस्थेला ते ठेवता येऊ लागलं. तरी त्यासाठी प्रशिक्षित डॉक्टर लागतो आणि दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्राची अडचण तीच आहे. युगांडाने यावर २००४ साली उत्तर शोधलं: खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना मॉर्फिन लिहून देण्याचा अधिकार दिला. पहिली चिठ्ठी डॉक्टरची आणि पुढचा पुरवठा प्रशिक्षित परिचारिकेच्या हातून, इतकं जरी आपण केलं तरी अक्राणीतल्या माणसाच्या रात्री बदलतील. माझं मत या बाबतीत पक्कं आहे.

संशोधनाच्या नजरेतून सुटलेली आणखी एक गोष्ट म्हणजे स्थलांतर. दिवाळीनंतर डोंगरातले पाडे रिकामे व्हायला लागतात. जोडपी ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत, शेतमजुरीला सौराष्ट्रात जातात. घरी उरतात म्हातारी आणि पोरं. होळीला, विशेषतः काठी गावच्या राजवाडी होळीला, माणसं परततात. जगभरच्या अभ्यासांत ‘घरातला काळजीवाहक’ ही व्यक्ती गृहीत धरलेली असते, बहुतेक सून किंवा मुलगी. इथे चार-पाच महिने तो काळजीवाहक म्हणजे दहा वर्षांची नात असू शकते. दर दोन तासांनी कूस बदला, हे तिला कसं सांगणार? मग शेजारच्या चार घरांची पाळी लावावी लागते, आशाताईंना मध्ये घ्यावं लागतं आणि पाळणाघराइतकीच म्हाताऱ्यांच्या दिवसभराच्या सोबतीची सोय हंगामापुरती उभी करावी लागते.

म्हाताऱ्या विधवांच्या बाबतीत तर जिवाचाच धोका आहे. सातपुड्यात डाकीण ठरवून बायकांना मारहाण, हाकलून देणं आजही ऐकू येतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्याविरुद्ध मोहिमा चालवल्या, २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुणी दीर्घ आजाराने खंगून मेलं की संशयाचं बोट एकट्या बाईकडे वळतं. अशा घरात आजाराचं कारण आधीपासून समजावून सांगणारी, पुन्हा पुन्हा येणारी सिस्टर असेल तर मरणाऱ्याइतकाच शेजारच्या म्हातारीलाही तिचा आधार होतो. आणि हे बडवा-भगताला झिडकारून होणार नाही. माणूस त्याच्याकडेही जाणारच; सिस्टरने त्याच्याशी ओळख ठेवावी, अंगावर डाग देणं किंवा जखमेत काही भरणं एवढं थांबवावं आणि बाकी विधी होऊ द्यावा.

मृत्युपत्रासारखं आधीच लिहून ठेवायचं वैद्यकीय इच्छापत्र सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केलं आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. शहरातल्या शिकलेल्या माणसाला हे सोपं झालं. ज्याचा सगळा व्यवहार तोंडी आणि पंचांसमोर होतो, त्याची इच्छा या कागदात येत नाही. सिस्टरने घरच्यांदेखत ती ऐकून घरभेटीच्या वहीत लिहिली, तर निदान मरणाच्या दारातल्या म्हाताऱ्याला झोळीत घालून, मग जीपने, मग १०८ ने सिव्हिलला नेण्याची शेवटची फरफट टळेल.

कागदावर व्यवस्था आहे. आयुष्मान भारतच्या आरोग्य केंद्रांत देण्याच्या बारा सेवांत वृद्धांची आणि उपशामक म्हणजे पॅलिएटिव्ह सेवा आहे. तिशीच्या पुढच्या लोकांसाठी आशा जो तपासणी फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांना रोजच्या कामाला दुसऱ्याची मदत लागते का, हे विचारलेलं असतं. म्हणजे खाटेला खिळलेली माणसं शोधण्याचं साधन आशांच्या पिशवीत आधीच आहे. कमी आहे ती त्या उत्तरानंतर घरी जाणाऱ्या, औषध आणि मलमपट्टी सोबत असणाऱ्या परिचारिकेची. एएनएमवर लसीकरण, बाळंतपणं आणि ऑनलाइन नोंदी यांचा इतका भार आहे की आणखी एक काम तिच्याच गळ्यात घालणं हा अन्याय होईल. या कामासाठी वेगळं पद हवं, आणि ते पावरी, भिलोरी किंवा मावची बोलणाऱ्या स्थानिक मुलीला मिळालं पाहिजे.

आता परिचर्या संशोधनाविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. आपल्याकडच्या एमएस्सी नर्सिंगच्या प्रबंधांचा मोठा भाग विद्यार्थिनींचं ज्ञान मोजतो: प्रश्नावली द्या, व्याख्यान घ्या, पुन्हा प्रश्नावली द्या, गुण वाढले. पॅलिएटिव्हमध्येही हेच चालतं; परदेशात १९९० च्या दशकात तयार झालेल्या ज्ञानाच्या आणि वृत्तीच्या मोजपट्ट्या भाषांतरून वापरल्या जातात. त्यातून पदवी मिळते, म्हातारीच्या पाठीची जखम भरत नाही. शिवाय असे अभ्यास इस्पितळापर्यंत आलेल्यांवर होतात, आणि जो इस्पितळापर्यंत येऊ शकतो तो नंदुरबारमध्ये आधीच थोडा सुदैवी असतो. देशात २०२० साली नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांचं कारण डॉक्टरने प्रमाणित केलं होतं. बाकीचे मृत्यू प्रमाणित कारणाविना राहिले. डोंगरातले म्हातारे त्या उरलेल्यांत आहेत. दहापैकी किती दुखतं, हा शहरी प्रश्न त्यांना विचारूनही उपयोग नाही; रात्री किती वेळा उठलात, बाहेरपर्यंत चालत गेलात का, भाकरी किती खाल्ली, यावरून वेदना मोजण्याची रीत इथल्या परिचारिकांनीच तपासून उभी करायला हवी.

याची सुरुवात करायला फार पैसा लागत नाही. नंदुरबारला २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. घरी जाऊन नातेवाइकांशी बोलून मृत्यूचं कारण ठरवण्याची पद्धत गडचिरोलीच्या ‘सर्च’ या संस्थेने बाळांच्या बाबतीत वर्षानुवर्षं वापरली आहे. तीच पद्धत एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत, एका वर्षात साठीच्या पुढच्या जितक्या माणसांचा मृत्यू झाला त्या प्रत्येकाच्या घरी वापरावी. कारणासोबत आणखी थोडं विचारावं: दुखत होतं का, औषध मिळालं का, जवळ कोण होतं, त्यांना कुठे राहायचं होतं. विचारणाऱ्या मुली त्याच पाड्यांच्या असाव्यात आणि निष्कर्ष आधी ग्रामसभेत वाचून दाखवावेत, मग जर्नलला पाठवावेत. परिचर्या महाविद्यालयांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे: पुढच्या वर्षीच्या प्रबंधांपैकी निदान एक विषय हा द्या, आणि विद्यार्थिनीला धडगावला पाठवा.